खालून लढणारी

१६ मार्च, रविवार

फोन आला नाही. सकाळपासून आंघोळ करून, वेणी घालून, चष्मा पुसून बसले आहे. दोनदा वाजला. एकदा गॅसवाला, एकदा कुणी बाई, लोन घ्या म्हणाली. मी तिला विचारलं, तू आपल्या आजीला केलास का आज फोन? तिने ठेवून दिला.

वर श्री गजानन प्रसन्न लिहायचं राहिलं. आता इथेच लिहिते. त्याला चालेल.

ही डायरी प्रकाशच्या बँकेची. देवश्री म्हणाली होती, आजी, आठवडाभराचं तू विसरतेस आणि मग फोनवर नुसती भांडतेस, लिहून ठेवत जा. चौथीत मला शाळेतून काढलं, त्यामुळे अक्षर असंच राहणार. माझी सून उषा मास्तरीण आहे. ती म्हणते, डायरीत आधी घरातली माणसं लिहावी. लिहिते.

प्रकाश, मुलगा, बँकेत, तोंडाला कुलूप. उषा, सून, तिला कुलूप लावायची सोय नाही. देवश्री, त्यांची मुलगी, माझी नात, बंगळूरला. ती मारामारी करते. सगळे एमएमए म्हणतात. जाळीच्या पिंजऱ्यात दोन पोरींना सोडतात, लाथा, बुक्क्या, कुस्ती, सगळं चालतं. त्यात ती चॅम्पियन आहे. पट्टा मिळाला आहे, सोन्यासारखा दिसतो. सोन्याचा नाही, मी विचारलं. तात्या, म्हणजे आमचे हे, आता फोटोत. त्यांनीच पोरीला फ्रॉकात आखाड्यात नेलं होतं. आता फोटोतून बघतात, जसं काही यांचा संबंधच नाही.

दोन वर्षांमागे तिच्या भुवईला टाके पडले. प्रकाशने ते टीव्हीवर पाहिलं. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाला, हे सोड, नाहीतर माझ्याशी बोलू नको. पोर बापावरच गेलेली. तिने बोलणं सोडलं. तेव्हापासून ती घरीही आली नाही. रविवारी माझ्याशी बोलते, आईशी बोलते. त्या वेळी प्रकाश गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला जातो. आमच्या सगळ्या कुंड्या सडल्या.

१९ मार्च, बुधवार

इकडच्या चैत्राचा बुधवार, चिंतामण गणपतीची जत्रा. अक्का घेऊन गेली. अक्का माझी मोठी नणंद, मागच्या गल्लीत राहते. देवांशी तिची रोजची उठबस आहे. आम्ही दोघी ऑटोत बसलो तर तो म्हणतो, "अम्मा, थोडा सरको, दो सवारी और आएगी." मी म्हटलं, "कहाँ आएगी, तेरे सिर पे?" मग गुमान चालवली त्याने.

देवळाच्या मागे भिंतीवर लोक उलटा सातिया काढतात. स्वस्तिक, पण उलटं. काढताना मनातलं मागायचं. पुरं झालं की येऊन सुलटा काढायचा, म्हणजे देणं फिटलं. इतकी वर्षं उज्जैनला राहून मी कधी काढला नव्हता. मला कुणाकडे मागायला आवडत नाही.

अक्का म्हणाली, "नीट सांग हो. गणपतीला अर्धवट सांगू नये."

"मी काय बँकेत अर्ज देते आहे?"

"अहल्या, मी सांगते ते ऐक. काय, कसं, कधी, सगळं सांगायचं."

मी काढला. म्हटलं, पोरीला घरी येऊ दे. एवढंच. एवढं त्याला समजू नये?

परत येताना मनात आलं की ती जिंकते आहे तोवर काही यायची नाही. हे मला समजतं तर गणपतीलाही समजत असेल. पण मी त्याला तिला हरव असं काही सांगितलेलं नाही. ते लिहून ठेवते.

टावर चौकात अक्काने कचोरी खाल्ली. उपास होता तिचा.

२३ मार्च, रविवार

आला फोन. मागच्या रविवारी वजन कमी करायचं होतं म्हणे, बोलायची ताकद नव्हती. चॅम्पियन झाली आणि हिला जेवू देत नाहीत.

"आजी, पाच एप्रिलला मॅच आहे. दुबईला. बघशील ना?"

"तू पडतेस ते बघायला?"

"मी पडत नाही गं. मी खाली जाते. फरक आहे."

हा तिचा प्रकार मला कधी पटला नाही. बाकीच्या पोरी उभ्या राहून मारतात. ही मुद्दाम पाठीवर जाते. समोरची हिच्यावर चढून बसते, तिला वाटतं झालं काम. मग ही आपले दोन्ही पाय तिच्या कमरेभोवती मिटते, तिला जवळ ओढते, इतकी जवळ की तिला हात उगारता येत नाही. आणि वाट बघते. वरची कंटाळते, चिडते, कधीतरी हात पुढे टाकते. तो हात हिने धरला की पाय तिच्या मानेवरून टाकून हात असा ताणते की ती जमिनीवर थोपटायला लागते. थोपटलं म्हणजे हरले, सोड. टीव्हीवाले म्हणतात की ही खाली असली की जास्त धोक्याची. म्हणोत. रस्त्यात कुणी असं खाली पडलं तर आपण धावत जाऊन उचलतो. इथे बघत बसायचं.

लहानपणी शाळेची वेळ झाली की माझ्या पायाला अशीच चिकटायची. उषा ओढायची, दूधवाला हसायचा, ही सुटायची नाही. हे मी तिला फोनवर सांगितलं नाही. उगाच शेफारते.

फोन झाल्यावर प्रकाश खाली आला. "आई, जेवते का ती नीट?"

"तुझ्याकडे नंबर आहे तिचा."

वरणभात जेवला आणि बँकेच्या कागदात डोकं घातलं. दगड आहे.

५ एप्रिल, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

संध्याकाळी उषाने टीव्हीवर लावलं. मॅच असली की प्रकाशचं पोट बिघडतं. फोन घेऊन बाथरूममध्ये जातो, नळ सोडून बसतो, सगळं संपल्यावर निघतो. आजही गेला. डॉक्टरला दाखव म्हणून कितीदा सांगितलं.

समोर हरियाणाची पोर, खांदे दरवाज्याएवढे. ती वाकून हिच्या पायात शिरली, ही मागे गेली, आणि गुडघा असा वळला जसा गुडघा वळत नाही. खाली पडली. टीव्हीवाला म्हणाला, आता बघा, देवश्री तिच्या आवडत्या जागी आली. उषाही म्हणाली, "आई, आता पकडेल." मीही तेच बघत होते. पाय वर आले आणि मिटलेच नाहीत. एक आला, दुसरा तसाच राहिला. वरून बुक्के पडत होते आणि ही तो एक पाय दोन्ही हातांनी ओढून दुसऱ्याजवळ आणत होती. थोपटलं नाही तिने. पंचानेच मध्ये पडून थांबवलं.

पट्टा त्या पोरीच्या कमरेला बांधला. आमची उभी राहू शकली नाही.

नळ बराच वेळ सुरू होता. टाकी रिकामी झाली.

९ एप्रिल, बुधवार

गुडघ्याच्या आतली दोरीसारखी नस तुटली. परवा बंगळूरला ऑपरेशन झालं. उषा रजा टाकून गेली आहे. डॉक्टर म्हणतात, सहा महिने नीट चालायला, पुढचं पुढे.

अक्का आली. दारातूनच म्हणाली, "बघ, आता येईल ती घरी. गणपतीने ऐकलं तुझं."

तिला चहा विचारला नाही. ती बसली, वाट बघितली, उठून गेली.

२७ एप्रिल, रविवार

आली. दोन काठ्या, एक बॅग, पायाला लोखंडी पट्ट्यांचा साचा. भैरवगढ़ची नवी छापाची चादर मी पलंगावर घातली होती, लाल, हिला आवडते ती. झोपली त्याच्यावर. चादरीबद्दल काही बोलली नाही.

प्रकाशने स्टेशनवरून बॅग आणली. वाटेत दोघं बोलले नाहीत असं उषा म्हणाली.

आज रविवार. बारा वाजता सवयीने चष्मा पुसला आणि फोनजवळ जाऊन बसले. मग आठवलं की ती आतल्या खोलीत आहे. आत गेले. डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती, पापण्या हलत होत्या. मी परत बाहेर येऊन बसले.

१४ मे, बुधवार

एका खोलीत बसून बाप म्हणतो, "आई, तिला सांग बर्फ फ्रीजमध्ये ठेवला आहे." पोर म्हणते, "आजी, सांग, दिसला." मी काय पोस्टमन आहे? मी दोघांनाही काही सांगितलं नाही. बर्फ वितळला.

पोरीने व्यायाम सोडला. फिजिओवाला मुलगा येतो, ती पाय दुखतो म्हणते, तो चहा पिऊन जातो. दिवसभर फोनवर ती मॅच बघते, जिथे पाय मिटत नाही तिथपर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. मी केसाला तेल लावते तेवढा वेळ शांत बसते. हेच मला पाहिजे होतं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. आहे आता. आणि रविवारी फोनवर जी बडबडायची, कुणी कुणाचा दात पाडला, कुठल्या पोरीचा नवरा हॉस्टेलबाहेर येऊन रडतो, सरांनी कुणाला शिव्या दिल्या, ती पोर कुठे गेली म्हणून मी शोधते आहे. घरात तर ही दुसरीच कुणी झोपली आहे.

अक्का रोज विचारते, सुलटा काढायला कधी जायचं. इच्छा पुरी होऊन सातिया उलटा ठेवला तर कोप होतो म्हणे. मी म्हटलं, गुडघे दुखतात. खोटं नाही, दुखतात. पण जाणार नाही. मी सांगितलं होतं पोरीला घरी आण. त्याने पाय तोडून पाठवली. दुकानदाराने फुटकी बरणी दिली तर आपण घेतो का?

२ जून, सोमवार

आज हसली. कारण मी मूर्ख प्रश्न विचारला.

म्हटलं, "ती वर बसलेली पोर उठून का जात नाही? दोन पाय आहेत, उठावं आणि निघावं."

"उठून दाखव मग." पलंगावर उताणी पडून तिने माझं मनगट धरलं आणि बरा पाय माझ्या कमरेमागून घातला. दुसरा नुसता टेकवला. "हं. निघ."

मी ओढलं. जितकं ओढावं तितकी मीच तिच्याकडे जात होते. जोर काही नाही लावला तिने. नुसती सोडत नव्हती. तोंडाजवळ तोंड आलं, तिच्या भुवईची टाक्याची खूण पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. पिकलेल्या चिंचेच्या शिरेसारखी आहे.

"समजलं, आजी? ती वर आहे म्हणून जिंकत नाही. मी खाली आहे म्हणून हरत नाही. ज्याला घाई झाली तो गेला."

मी म्हटलं, "सोड मेले, दूध उतू जाईल."

गॅसवर दूध नव्हतं.

१९ जून, गुरुवार

भाजी घेऊन आले तर आतल्या खोलीत प्रकाश. बँकेचा शर्ट, बाह्या वर केलेल्या, पोरीची टाच हातात. गुडघा हळूहळू दुमडत होता, जसा तो फिजिओवाला दाखवतो तसा. ती दात दाबून भिंतीकडे बघत होती. तो टाचेकडे बघत होता. बातम्या मोठ्याने लागलेल्या.

इतकं बरोबर कसं जमलं याला, कुणास ठाऊक. मी पिशवी घेऊन परत बाहेर गेले. कोथिंबीर आणायची राहिली होती, असं म्हणायचं ठरवलं. कुणी विचारलं नाही.

२७ जुलै, रविवार

काठ्या अक्काला दिल्या. ती नको म्हणत घेऊन गेली.

पोर गच्चीवर चढते, उतरते. प्रकाश सहा वाजता तिची रबराची पट्टी दाराच्या कडीला बांधून ठेवतो आणि मग पेपर वाचतो. "आई, तिला सांग पट्टी बांधली आहे." ती दाराशी उभी असते तेव्हा. मी आता सांगते. एवढं तर करावं.

३ सप्टेंबर, बुधवार

काल गौरी गेल्या. उद्या हिची गाडी.

सर बोलवत आहेत. मंदार सर म्हणजे तिचे बंगळूरचे, त्यांचा आठवड्यात दोनदा फोन येतो. डॉक्टरने हो म्हटलं आहे. आणि इथे उषाच्या शाळेत खेळाच्या बाईंची जागा निघाली आहे. उषाने अर्ज आणूनही ठेवला. उज्जैनमध्ये, घरापासून पायी जायच्या अंतरावर.

दुपारी मी तिचे लाडू बांधत होते. ती ओट्याजवळ आली.

"आजी, एक विचारू? भीती वाटते मला. पुन्हा खाली गेले आणि पाय मिटलाच नाही तर?"

लाडू फुटत होता, त्यात तूप कमी पडलं होतं.

"तू म्हण नको जाऊ. तू एकदा म्हण, मी नाही जात. देते शाळेत अर्ज. आईला मी सांगते."

दीड वर्षाची होती तेव्हा तिच्या अंगाला जो वास यायचा तो आज तिला येत नव्हता, रबराच्या पट्टीचा येत होता. तरी तो मला आला. हिने शाळेतून चार वाजता यावं, चप्पल दारात वाकडी काढावी, मी ओरडावं. सगळं डोळ्यासमोर आलं. एक शब्द म्हणायचा होता.

मी म्हटलं, "डबा स्टीलचा देऊ का प्लास्टिकचा?"

मी पुढचा लाडू वळायला घेतला.

"दिवसभर पलंगावर असतेस, मला खालून झाडू मारता येत नाही. चार महिन्यांची धूळ आहे. जा एकदाची."

"स्टीलचा," म्हणाली. मग मागून येऊन कमरेला धरलं. लाडू दोन फुटले. दुसरे बांधले.

७ सप्टेंबर, रविवार

फोन आला. अर्धा तास बडबडली. हॉस्टेलमध्ये माझे लाडू कुणी चोरले, तिला हिने कसं पालथं घातलं, ते सगळं. प्रकाश गच्चीवर होता. तिथे आता कुंडीच नाही एकही.

पलंगाखाली झाडलं. धूळ एवढी नव्हती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अक्काला न सांगता चिंतामणला गेले. मागच्या भिंतीशी. माझा सातिया नव्हता. भिंत धुऊन नवा रंग दिला आहे, त्याच्यावर दुसऱ्यांचे पन्नास. तिथे झाडणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "अम्मा, दिवाली पे सब पुत गया."

म्हणजे सुलटा करायला आता काही उरलं नाही. त्याचं माझ्याकडे आणि माझं त्याच्याकडे, काय राहिलं ते तोच बघो.

मग कुंकू आणलंच होतं म्हणून एक नवा उलटा काढला. या वेळेस अक्का म्हणते तसं नीट सांगितलं. म्हटलं, ती खाली गेली की तिचे दोन्ही पाय मिटू दे. डावा विशेष लक्षात ठेव. बाकी काही नाही. घरी येण्याचं मी मागे घेते, ते तिचं ती बघेल.

घरी आले तर प्रकाश विचारतो, "आई, कुठे गेली होतीस?"

"पाय मोकळे करायला."

१४ फेब्रुवारी, शनिवार

नवी डायरी प्रकाशने आणली नाही, जुनीच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते. उद्या महाशिवरात्र, सकाळपासून रस्ते बंद, गावभर भोंगे. अक्का तीन ठिकाणी अडकून पायी आली आणि बसल्या बसल्या झोपली.

मॅच तीच, हरियाणाच्या पोरीशी. तीच पट्टा घालून आली. मागच्या रविवारी देवश्री म्हणाली होती, "आजी, काही झालं तरी संपल्यावर लगेच फोन करीन. घरच्या नंबरवर. तू जवळ बस."

मी बसले. प्रकाश बाथरूममध्ये गेला, नळ सोडला.

पहिले दोन डाव उभ्यानेच गेले, आमचीला मार बसला, नाकातून रक्त. तिसऱ्यात ती दांडगी पायात शिरली आणि देवश्री पाठीवर. उषाने पदर डोळ्यांवर घेतला. मी म्हटलं, "पदर काढ. पाय बघ तिचे."

उजवा आला. मग डावा आला. मिटले.

मग काहीच झालं नाही. वरची मारायला बघत होती, जागा नव्हती. टीव्हीवाला म्हणत होता, देवश्रीने काहीतरी करायला हवं. मी त्याला म्हटलं, गप बस, तिला घाई नाही. वरची ओढत होती, जितकं ओढत होती तितकी जवळ येत होती. मला माझं मनगट आठवलं. मग तिने चिडून हात टाकला. पाय मानेवरून गेला, हात ताणला, आणि त्या पोरीने थोपटलं. तीनदा थोपटलं.

उषा रडायला लागली. अक्का उठून म्हणाली, "काय झालं, आरती झाली?" मी मागे वळले तर बाथरूमचं दार उघडं, नळ तसाच वाहतो आहे आणि प्रकाश दारात. हात कोरडे. हातात फोन, त्यात तीच मॅच, पण मागे चालत होती. त्याच्या फोनात देवश्री अजून खालीच होती. आमच्याकडे संपलं होतं तरी तो ते बघत उभा होता. ओठ हलत होते. "थांब बाळा, थांब, येईल हात," असं म्हणत होता. त्याच्या फोनातही त्या पोरीने थोपटलं तेव्हा मग भिंतीला टेकून खाली बसला.

म्हणजे इतक्या वर्षांत पोट काही बिघडलेलं नव्हतं. औषधं मी फुकट आणली.

आता जिंकली म्हणजे येत नाही. पट्टा राखायचा, मग पुन्हा मॅच, मग पुन्हा. मला ठाऊक आहे. रविवारचा अर्धा तास आहे माझा, तो आहे.

मी नळ बंद करून आले. प्रकाश उठून जिन्याकडे निघाला होता. गच्चीची किल्ली मी ब्लाउजमध्ये घातली आणि त्याला खुर्चीत बसवलं. फोन उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला आहे. उषाला सांगितलं आहे, हात लावायचा नाही. अक्काला सांगितलं आहे, तोंड उघडायचं नाही. मीही इथे, लांब, डायरी घेऊन बसले आहे. तो म्हणतो, "आई, तू घे ना, तुझ्यासाठीच करेल ती."

नाही. वाजेल तितका वाजू दे. आज प्रकाशनेच उचलायचा.